पार्किन्सन झालेल्या माणसाला पुढे डिमेन्शिया होतोच का?

होतोच असं नाही. डिमेन्शिया म्हणजे स्मरण, विचार, निर्णय ढासळत जाणं. त्याचा धोका मात्र इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि वय वाढेल, आजार जुना होईल तसा वाढत जातो. सिडनीच्या जुन्या अभ्यासात आजाराला २० वर्षं उलटल्यावर हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना डिमेन्शिया होता. तोच आकडा सगळीकडे फिरतो आणि माणसं हबकतात. २०२४ मध्ये रुग्णांच्या दोन गटांचा अभ्यास आला, त्यात १० वर्षांनंतरचा धोका एका गटात साधारण ९ टक्के आणि दुसऱ्यात २७ टक्के निघाला.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या पुढच्या वाक्यामुळे. "बाबा विचारलं तर नुसते बघत राहतात. मोठा भाऊ म्हणतो, त्यांचं डोकं चालत नाही, आता व्यवहारात त्यांना विचारायची गरज नाही." आमच्या घरात हेच झालंय.

माझ्या बाबांचा चेहरा आजाराने निर्विकार झाला होता, आवाज खोल गेलेला. उत्तर आतून यायला वेळ लागायचा. दादा क्षणभर थांबायचा आणि त्यांच्या वतीने स्वतःच बोलून मोकळा व्हायचा. मग बाबा गप्प बसायचे आणि दादा म्हणायचा, बघ, कळतच नाही त्यांना.

त्यातच एका संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "जपून बस, कडेला दोन लहान मुलं बसलीत." तिथे कुणीच नव्हतं. बाबा घाबरलेले अजिबात नव्हते, त्यांना मुलांना धक्का लागण्याची काळजी. दादाच्या लेखी निकाल लागला. घराच्या कागदांवर सह्या उरकून घेऊ, नंतर जमायचं नाही, असा धोशा त्याने लावला.

मी घरातल्या झाडून सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत भरून न्यूरॉलॉजिस्टकडे नेल्या. त्यांनी दोन बाजूला काढल्या. एक कंपासाठी वर्षानुवर्षं चालू असलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, दुसरी लघवीच्या तक्रारीसाठी वेगळ्याच डॉक्टरांनी नुकतीच दिलेली. दोन्ही औषधं अॅसिटिलकोलीन या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम अडवतात, आणि पार्किन्सनमध्ये मेंदूत ते मुळातच कमी पडत असतं. दोन्ही हळूहळू कमी करत बंद केल्या. मुलं दिसायची थांबली. मग मी ते कागद बाबांपुढे ठेवले. बराच वेळ बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली त्यांनी, आणि विचारलं, "यात हिचं नाव कुठाय?" आईचं नाव खरंच राहिलं होतं. दादाच्या, माझ्या, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी खरी घसरण आलीच, ते लपवत नाही. १८१७ मध्ये खुद्द जेम्स पार्किन्सनने बुद्धी शाबूत राहते असं लिहून ठेवलंय, तेही सरसकट खरं नाही. बाबांना घड्याळाचं चित्र काढता येईना, सगळे आकडे एकाच बाजूला दाटायचे. लक्ष टिकेना, साध्या कामाचा क्रम लागेना. नावं मात्र थोडी खूण दिली की आठवायची. अल्झायमरमध्ये अशा खुणेचा सहसा इतका उपयोग होत नाही. दिवसादिवसात फरक असायचा. रिव्हास्टिग्माइन या डिमेन्शियावरच्या औषधाने काही काळ बरं गेलं.

भास होणं, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं, उभं राहिल्यावर बीपी पडणं, यातलं काही असेल तर धोका जास्त धरतात. हे डॉक्टर विचारतील म्हणून वाट पाहू नका, आपण होऊन सांगा.

आणि हो, माझं वाचून कुठलीही गोळी मनाने बंद करू नका, पार्किन्सनचं मुख्य औषध लेव्होडोपा तर नाहीच. एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर आधी लघवीचं इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध हे तपासून घ्या. भासांवर कुणी हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारांवरचं औषध सुचवलं तर घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला फोन करा, पार्किन्सनमध्ये ते टाळतात. सगळ्यांचे भास गोळ्या बदलून जात नाहीत, आमच्याकडे त्या वेळी गेले.

तुमच्या बाबांची रीतसर तपासणी होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही होऊ देऊ नका. व्यवहाराचं काही असेल तर गोळी लागू झालेली असताना त्यांच्या हातात द्या, त्यांना स्वतः वाचू द्या. उत्तराला वेळ लागेल. तोवर भावाला मध्ये बोलू देऊ नका.