नव्या सतारीचा पहिला नागपुरी उन्हाळा

सतार मिरजेहून आणलीस, छान केलंस. पण तिथली हवा वेगळी, आपली वेगळी. मेमध्ये पारा ४५ ला टेकला की लाकूड आकसतं आणि तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या सुटायला लागतात. खुंटीला खडू घास, फिरवताना आत दाबत फिरव. नुसती पिळून थांबणार नाही. कूलरच्या झोतात सतार ठेवूच नको. ओली हवा, मग कोरडी, मग पुन्हा ओली, यानं तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीला, तडा जाऊ शकतो. पावसाळ्यात उलटं, खुंटी फुगून अडकते. तेव्हा पक्कड लावू नको रे बाप्पा!

बाजाची तार, म्हणजे वाजवायची मुख्य तार, ०.३० मिलिमीटरची पोलादी घे, जास्तीच्या ठेव. गंजली की बदल, नाहीतर मींड घेताना, म्हणजे तार ओढून सुरावरून सुरावर जाताना, बोट सोलेल. जवारीला, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या माथ्याला, कानस स्वतः लावायची नाही, ते कारागिराचं काम.

मिजराबीचा (बोटात घालायच्या तारेच्या नखीचा) ‘दा’ हा आघात आत, ‘रा’ बाहेर. दोन्हींचं वजन सारखं होईपर्यंत तेवढंच. मग यमन रागाची मसीतखानी गत, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालातली संथ रचना, घे: ‘दिर दा दिर दा रा’ बाराव्या मात्रेपासून उठतं आणि पुढचा ‘दा’ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडतो. झाल्याच्या, म्हणजे शेवटच्या जलद वादनाच्या, मागे आत्ताच लागू नको, सगळे लागतात. बोटं दुखतील, चालतं. मनगट दुखलं तर मात्र बैठक तपास.