३८१६५४७२९ या संख्येत एवढं काय विशेष आहे? ती संगणकाशिवाय शोधता येते का?

येते की! वहीचं एक पान पुरतं.

आधी विशेष काय ते. यात १ ते ९ हे अंक एकेकदाच आलेत. डावीकडून पहिले दोन अंक घ्या, ३८, त्याला २ नं भाग जातो. ३८१ ला ३ नं, ३८१६ ला ४ नं, असं करत अख्ख्या संख्येला ९ नं. हे नऊ अंक मांडायच्या ३,६२,८८० तऱ्हा आहेत, त्यातली ही एकच चालते. भाग्यांक वगैरे काही नाही, निव्वळ विभाज्यतेच्या कसोट्या. देवळालीचे गणिताचे शिक्षक कापरेकर यांची ६१७४ ही संख्या सगळ्यांना ठाऊक असते, हिच्याकडं मात्र कुणी फारसं बघत नाही.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवतो. सुट्टीत हे कोडं फळ्यावर टाकतो. अट एकच, मोबाईल दप्तरात.

पाचवी जागा फुकटात मिळते, तिथं ५ च (० आपल्याकडं नाहीच). दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंक लागतात. सम अंक चारच, ते तिथंच संपले. तिसरा अंक विषम, म्हणून ४ नं भाग जायचा तर चौथा २ किंवा ६ च हवा: १२, १६, ३२, ३६, बघा करून. आठव्या जागेचंही तेच. सहावा अंक सम असल्यानं ८ साठीसुद्धा शेवटचे दोनच अंक बघितले तरी भागतं. मग ४ आणि ८ जातात दुसऱ्या नि सहाव्या जागी.

पुढची पायरी माझ्या सगळ्यात आवडीची. पहिल्या तीन अंकांना ३ नं भाग जातो, पहिल्या सहांना ६ नं. म्हणजे चौथ्या, पाचव्या, सहाव्या अंकांच्या बेरजेलाही ३ नं भाग गेलाच पाहिजे. मधोमध ५ बसलाय, त्यामुळं तिथं २५८ किंवा ६५४. तिसरं काही बसतच नाही. इथं मागच्या बाकावरून हमखास ‘नाद खुळा!’ ऐकू येतं.

३ आणि ८ च्या कसोट्या परत लावल्या, की २५८ वाल्या दोन आणि ६५४ वाल्या आठ, अशा दहाच मांडण्या उरतात. आता ७. त्याच्यापुढं चलाखी नको, गपगुमान भागाकार करायचा. १४७२५८९ ला बाकी ६, ७४१२५८९ ला २. पोरं पैज लावतात ९८७६५४३ वर, दिसायला देखणी म्हणून. बाकी ५! दहातली एकच निःशेष जाते: ३८१६५४७ = ७ × ५,४५,२२१. उरलेले २ आणि ९ आपोआप बसतात, आणि ९ ची चिंताच नाही, कारण सगळ्या अंकांची बेरीज ४५.

शेवटी ० लावलात तर १० नंही भाग जातो.

नंतर पोरं रस्त्यानं एमएच ०९ च्या गाड्यांचे नंबर तपासत जातात. अंक परत आलेले किंवा ० आलेलं चालवून घेतलं, तर चार अंकी ९,००० संख्यांपैकी ३७५ विभाज्यतेच्या या अटीत बसतात, म्हणजे चोवीसात एक.

अशीच मुभा पुढंही दिली, तर ही साखळी २५ अंकांपर्यंत ताणता येते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. त्यापुढं सव्विसावा अंक कुठलाही लावा, २६ नं भाग जात नाही.