समुद्रकडे आणि गुहा एका दिवसात: आधी ओहोटीची वेळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरची पाच माणसं, त्यात सहा आणि अकरा वर्षांची दोन मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या आजी. एका दिवसात समुद्रकडे आणि त्यांच्या पायथ्याच्या गुहा, दोन्ही बघायचंय. गुहा सकाळी करायची की दुपारी, आणि मोबाइलच्या टॉर्चवर भागेल का?

टॉर्चचं आधी सांगून टाकतो, भागणार नाही. मोबाइल हातात धरला की एक हात अडकतो आणि ओल्या खडकावर दोन्ही हात मोकळे लागतात. शिवाय बॅटरी फोनसाठी राखायची असते. डोक्याला बांधायचे दिवे घ्या, प्रत्येकाला एक. मुलांनाही स्वतंत्र. नाहीतर दिवा ज्याच्याकडे त्याच्याच पायाखाली उजेड पडतो.

सकाळ की दुपार हे मात्र तुमच्या-माझ्या हातात नाही. त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ काढा आणि सगळा दिवस तिच्याभोवती बसवा. नाश्ता, प्रवास, फोटो सगळं तिच्या मागून. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो आणि वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. म्हणजे गेल्या आठवड्यात कुणी अकरा वाजता आरामात जाऊन आलं, याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

खाली उतरायचं ते पाणी ओसरत असताना, तळाच्या वेळेच्या (पाणी सगळ्यात खाली असतं ती वेळ) दीड-दोन तास आधी. आणि पाणी तळाला पोहोचलं की परत फिरायचं. लोक नेमकं उलटं करतात: तळाची वेळ बघून तेव्हा उतरायला लागतात, मग उरलेला सगळा वेळ चढत्या पाण्यात जातो. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब असा की भरती-ओहोटीच्या पातळीतल्या एकूण फरकाचा बारावा भाग पहिल्या तासात, दोन भाग दुसऱ्या तासात, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. फरक ४ मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर चढतं. माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात तेच पाणी पूर्ण १ मीटर वर येतं, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या जवळपास गळ्यापर्यंत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा फरक मोठा; अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा कमी. उधाणात पाणी खूप खाली जातं म्हणून गुहा छान उघड्या पडतात, पण परतही तितक्याच जोराने येतं. हवेचा दाब घसरला असेल किंवा वारा जमिनीकडे वाहत असेल, तर पाणी भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा वर राहतं. तक्ता हवामान बघून छापलेला नसतो.

गुहेच्या तोंडाशी पोहोचलात की आत जायच्या आधी भिंत बघा. पांढरे, खरखरीत, खडकाला घट्ट चिकटलेले छोटे शंकू दिसतील, ते बार्नेकल. जिथपर्यंत ते आहेत तिथपर्यंत भरतीचं पाणी नियमित येतं. हा पट्टा तुमच्या डोक्याच्या वर गेला असेल तर ती गुहा भरतीत बुडते, विषय संपला. अकरा वर्षांच्या मुलाला हे शोधायचं काम द्या. त्याला मजा येते आणि आपल्यालाही एक डोळ्यांची जोडी जास्त मिळते. हिरवं, चकचकीत शेवाळ दिसलं की त्यावर पाय नाही. बार्नेकलवर पकड चांगली मिळते, पण हात टेकला तर सोलून निघतो, म्हणून साधे हातमोजे.

ही गुहा होते कशी, हे मुलं विचारणारच. लाट भेगेत शिरते तेव्हा आतली हवा दाबली जाते, लाट मागे गेली की ती हवा एकदम मोकळी होते. हे अखंड चालू राहून भेग रुंदावते. गुहा आरपार गेली की कमान, कमानीचं छत पडलं की समुद्रात एकटा उभा सुळका. हे आजही चालू आहे. माल्टाच्या गोझो बेटावरची अझूर विंडो ही कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये लंडन ब्रिज नावाच्या कमानीचा जमिनीकडचा भाग पडला आणि दोन पर्यटक समुद्रातल्या तुकड्यावर अडकले. हेलिकॉप्टरने काढावं लागलं.

म्हणून कड्याच्या बुडाशी सावलीत चादर पसरून डबा उघडू नका. सगळ्यात मोहाची जागा तीच असते, हे मान्य. पायथ्याला ताज्या रंगाचे, शेवाळ न चढलेले दगड पडलेले दिसले की ते नुकतेच आलेत असं समजा. मोठ्या पावसानंतरचे काही दिवस तर कड्याखाली जाऊच नका. वरूनही तेच: कडेचं गवत पुष्कळदा खालून पोकळ जागेवर लोंबत असतं. सेल्फीसाठी कडेशी पाठ करून उभं राहायचं नाही. धाकट्याचा हात एकाच ठरलेल्या मोठ्या माणसाकडे. 'सगळे लक्ष ठेवू' म्हणजे कुणीच ठेवत नाही.

उतरण्याआधी वरून पंधरा-वीस मिनिटं नुसता समुद्र बघा. लाटा गटाने येतात, मधूनच मोठ्या. त्यातली मोठी लाट गुहेच्या तोंडाशी पोहोचत असेल तर गुहा रद्द. मुलं रुसतील, रुसू देत.

आजींना खाली नेऊ नका. त्यांना कड्यावरच्या सपाट वाटेवर, कडेपासून लांब बसवा. सोबत एक मोठं माणूस, ज्याला तुमची परतायची वेळ माहीत आहे. खाली खोबणीत फोनला पुष्कळदा रेंज नसते, त्यामुळे वेळ उलटली तर मदत बोलावणारं माणूस वरच हवं. गुहा त्यांनाही बघायची असेल तर परवानाधारक बोट मिळते का बघा. पण काही गुहांचं तोंड फार बुटकं असतं. इटलीतल्या काप्री बेटावरच्या ब्लू ग्रोटो या गुहेत तर होडीत आडवं व्हावं लागतं, आणि समुद्र खवळला की प्रवेशच बंद. बसण्या-वाकण्याचं आधी विचारून घ्या.

तुम्ही ठरवलेल्या तारखेची ओहोटीची वेळ आणि भरती-ओहोटीतला फरक इथे टाका, दिवसाचे तास मांडून देतो. ओहोटी पहाटे किंवा अंधार पडल्यावर येत असेल, तर आत्ताच सांगतो: आठवडाभर पुढे ढकला.