नस, शीर, धमनी आणि सोमल

सोमल म्हणजे आर्सेनिक, त्यावरून प्रश्न असा आलाय: ‘सोमल एकदम मोठ्या मात्रेत पोटात गेला तर नसा सैल पडतात आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा गेला तर नसा अरुंद होतात’ या वाक्यात मात्रा लिहायचं का प्रमाण?

मात्रा. अंगात किती गेलं ती मात्रा, पाण्यात किंवा रक्तात किती विरघळलंय ते प्रमाण. दोन्ही शब्द मा म्हणजे मोजणे या एकाच धातूतले, भांडण नको.

माझं डोकं फिरतं ते त्या ‘नसां’वर. मानेत नस दबली म्हणतात तेव्हा ती नर्व्ह असते, इंजेक्शनला नस सापडेना तेव्हा ती शीर असते आणि हृदयाच्या नसा ब्लॉक झाल्या तेव्हा त्या धमन्या, म्हणजे एका शब्दात तीन वस्तू कोंबायच्या आणि वर मराठीत शब्द नाहीत म्हणून रडायचं. याच वाक्यात बघा ना, पहिल्या नसा म्हणजे केशवाहिन्या, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या, सोमलाच्या मोठ्या मात्रेने त्या सैल होऊन गळायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि बीपी कोसळतं. दुसऱ्या नसा म्हणजे मुख्यतः पायाच्या धमन्या. तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींचं सोमलवालं पाणी वर्षानुवर्षं पिऊन लोकांच्या पायांची बोटं काळी पडून सडायची, ब्लॅकफूट डिसीज म्हणतात तो हाच. दोन्हीला नसा म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार एकच नळी कधी सैल होते कधी आवळते.

तसं करणारी वस्तू आहे, पण ती म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणारं अ‍ॅड्रेनॅलिन. स्नायूंतल्या त्याच वाहिन्या थोड्या मात्रेने रुंद होतात आणि मोठ्या मात्रेने आवळतात, कारण त्यांच्यावर दोन प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप पकडणारे रेणू, असतात, रुंद करणारे थोडक्यात जागे होतात, आवळणाऱ्यांना जास्त लागतं. १९०६ मध्ये हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने जनावरांना अर्गट या बुरशीचा अर्क देऊन आवळणारे गप्प केले तर ज्या अ‍ॅड्रेनॅलिनने बीपी चढायचं त्यानेच ते उतरलं!

आता धमनी. ध्मा म्हणजे फुंकणे, गीतेत भीष्म शंख ‘दध्मौ’ तोच धातू, लोहाराच्या भात्याचं फुंकणंही तेच. चरकसंहितेत सरळ दिलंय, ध्मानाद् धमन्यः, सरणात् सिराः, फुंकण्यावरून धमनी, सरण्यावरून शीर. म्हणजे आपली शीर सरण्यावरून आली, डोकं या अर्थाच्या शिराशी तिचा काडीचा संबंध नाही, हे तरी लक्षात ठेवा. पण रक्ताच्या नळीला फुंकणारी का म्हणावं? टीकाकार चक्रपाणी म्हणतो ध्मान म्हणजे पूरण, भरणं. मला हे अजिबात पटत नाही, भरायचंच होतं तर पॄ धातू काय संपावर गेला होता? ग्रीकांकडे बघा, आर्टेरिया हा शब्द ते श्वासनलिकेलाही वापरायचे आणि त्यांचा वैद्य एरासिस्ट्राटस तर म्हणायचा की धमन्यांत हवाच असते. का? मेल्यावर धमन्या आवळतात, रक्त शिरांकडे ढकललं जातं, चिरून बघणाऱ्याला नळी रिकामी दिसते. शेवटी नंतरच्या गेलेन या वैद्याने जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणी बांधून मधे कापून दाखवली, आत रक्तच. माझा कयास असा की आपल्याकडच्या कुणीतरी पण प्रेतात तीच रिकामी नळी बघितली आणि नाव ठेवलं. म्हणजे आवळण्याच्या ज्या गुणाबद्दल वरचं वाक्य आहे त्याच गुणाने हे नाव पडलं असणार, मग त्या वाक्यात धमनी सोडून नस लिहायची?

हां, ते वाक्य. असं लिहा: सोमल एकदम मोठ्या मात्रेत गेला तर केशवाहिन्या सैल पडून झिरपतात, वर्षानुवर्षं थोडा थोडा गेला तर पायाच्या धमन्या अरुंद होतात.