ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यापासून लॅपटॉपची स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर अडकली आहे, रिझोल्यूशन बदलता येत नाही. फॉरमॅट मारावा का?

अजिबात नाही.

आमच्या भावोजींकडे सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध आहे. प्रिंटर रुसला, फॉरमॅट. आवाज गेला, फॉरमॅट. ताईच्या लॅपटॉपचं नेमकं तुमच्यासारखंच झालं होतं. रात्री अपडेट बसलं आणि सकाळी बघते तर आयकॉन बशीएवढे, अक्षरं धुरकट, डेस्कटॉपवरच्या फोटोत भाच्याचे गाल आडवे ताणलेले. सेटिंगमधला रिझोल्यूशनचा रकाना करडा, क्लिकच होईना. भावोजी पेनड्राइव्ह घेऊन तयार. "पॅनेल गेलंय रे. फॉरमॅट करून बघू, नाहीतर स्क्रीन बदलू." पॅनेल गेलं असेल तर फॉरमॅटने काय होणार, हे मी विचारलं नाही. ताई समोर होती.

मी आधी स्क्रीनशॉट काढला आणि त्या फाइलचं माप बघितलं. १०२४ बाय ७६८. म्हणजे विंडोजच एवढंसं चित्र बनवत होतं, पॅनेल बिचारं मिळेल ते ताणून दाखवत होतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या सुट्या भागांच्या यादीत, डिस्प्ले अडॅप्टर्स उघडलं. तिथे दोन नावं होती : गेमिंगचं कार्ड आणि 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'. हे दुसरं नाव दिसलं की समजायचं, खरा ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) बसलेलाच नाही, विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर दिवस काढतंय.

भावोजी म्हणाले, "मोठं कार्ड दिसतंय ना, त्याचाच परत टाक." मेख इथेच आहे. दोन ग्राफिक्सवाल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. मोठं कार्ड चित्र बनवतं, पण ते पडद्यापर्यंत जातं या छोट्यामार्फत. इंटेल किंवा एएमडीचा तो ड्रायव्हर बिघडला असेल, तर कार्डाचा शंभर वेळा टाकून उपयोग नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर डबल-क्लिक करून येणाऱ्या ड्रायव्हर टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' (आधीचा ड्रायव्हर परत आणणारं बटण) चालू असेल तर तेच दाबा, काम संपलं. ताईचं तेही करडं होतं. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून त्या छोट्या ग्राफिक्सचा, अपडेटच्या आधीच्या तारखेचा ड्रायव्हर उतरवला, वायफाय बंद केलं (नाहीतर विंडोज मधेच आपलं घोडं दामटतं), इन्स्टॉल केला, रीस्टार्ट. १९२० बाय १०८०, भाच्याचे गाल जागेवर.

यावर भावोजी काय म्हणाले असतील? "फॉरमॅटनेही झालंच असतं." कशावरून? कोरं विंडोज बऱ्याचदा याच बेसिक ड्रायव्हरवर उभं राहतं, आणि नेट मिळताच अपडेट पुन्हा तोच नवा ड्रायव्हर आणून बसवू शकतं. वर ताईच्या हिशेबाच्या फाइली गेल्या असत्या त्या वेगळ्याच.

आता राहिलेलं. रिझोल्यूशन बरोबर आहे पण सगळं मोठं दिसतंय, तर ते स्केल (अक्षरं-आयकॉन मोठे दाखवणारी सेटिंग) आहे, १२५ किंवा १५० टक्के असेल, ड्रायव्हरला हात लावू नका. चालू होतानाच्या लोगोवरही रेघा दिसत असतील तर मात्र पॅनेल किंवा केबलसारखा हार्डवेअरचा बिघाड, तिथे माझं वरचं सगळं विसरा. सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालू होतं तो मोड) जाऊन जुना ड्रायव्हर खरवडून काढणार असाल तर आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी ठेवा, विंडोज ती मागू शकतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणती नावं दिसतात ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते लिहा म्हणजे पुढचं सांगता येईल. तोवर कुणी फॉरमॅट सुचवलाच, तर त्यानंतर ड्रायव्हर कुठला टाकणार एवढं त्यालाच विचारा. आमच्या भावोजींनी अजून उत्तर दिलेलं नाही.