दोन बॅगांवर वीस एकर

बाबू,

तुझा रात्री साडेबाराचा व्हॉइस मेसेज सकाळी ओट्यावर बसून ऐकला, चहा थंड झाला माझा. पोकरच्या 5-10 च्या टेबलवर (म्हणजे पत्ते वाटायच्या आधी दोघांनी मधात टाकायचे 5 अन् 10 रुपये) हिवाळाभर 22 हजार काढले, आता मित्रासोबत पणजीच्या कॅसिनोत जायचं, 50-100 वर बसायचं, 10 हजाराचा बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायच्या चिपांचे पैसे, अन् कमी पडलेच तर बाबांच्या कापसाच्या चुकाऱ्यातले 30 हजार "दोन दिवसासाठी" उचलायचे, असं तू म्हणून राहिला. वरून विचारतो, काका तुम्हाले काय वाटते. जे वाटते ते लांबलचक आहे, म्हणून लिहून राहिलो. अन् मी काही कीर्तन करणार नाही, आपलं शनिवारचं टेबल म्हणजे भजनी मंडळ नाही हे मलेही माहीत आहे.

आधी हिशोब. तुम्ही पोरं शनिवारी चार तास बसता, तासाला 25 डाव धर, असे 16 शनिवार, झाले 1,600 डाव. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांतून एकदा येते, म्हणजे पूर्ण हिवाळ्यात ती तुझ्या हाती सातेक वेळा आली असेल. समोर राजांची जोडी असली अन् दोघांचे सगळे पैसे मधात पडले तरी पाचातून जवळपास एकदा एक्के हरतातच. मग एवढ्याशा डावांवरून तुझा हात बसला की नशीब बसलं, हे तू कसं ठरवतो? मला तर तुझं बघूनही सांगता येत नाही.

खाली हजाराच्या हिशोबानं तुझ्याजवळ 22 बाय-इन आहेत, त्या टेबलसाठी मजबूत. तेच पैसे वर नेले की दोन. नीट खेळणारे लोक 20-30 बाय-इन वेगळे ठेवतात, कारण काही चूक न करता सलग चार-पाच जाणं ही त्या खेळात रोजची गोष्ट आहे. तू शेतकऱ्याचा पोरगा, तुला हे समजावून सांगायची पाळी यायला नको होती. मिरगाची पहिली सर आली की सगळं बियाणं जमिनीत टाकणारा माणूस आपण दरवर्षी पाहतो ना, कृषीवाले ओरडून सांगतात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, हा ऐकत नाही, मग वीस दिवस पाऊस दडी मारतो अन् दुबार पेरणीले बॅग उधार आणायले हाच पहिला उभा. तू तर दोन बॅगांवर वीस एकर पेरायले निघाला.

पण पैसे कमी असणं ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी मी स्वतः भोगली आहे.

मी तेव्हा 10-20 वर खेळायचो, बरा खेळायचो. पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर 100-200 ला बसलो, खिशात 60 हजार, त्यातले खताचे 14 हजार मी वेगळ्या पाकिटात ठेवले होते, पाकिटावर पेननं "युरिया-डीएपी" लिहिलेलं. दीड तासात बाकीचं जवळपास सगळं गेलं अन् मी ते पाकीट फाडलं. मग हातात राण्यांची जोडी आली. फ्लॉपवर, म्हणजे मधात उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, दहा, छक्की, दुर्री, त्यातले दोन बदाम. मधात 12 हजार होते, समोरच्यानं 9 हजार ढकलले. म्हणजे 9 टाकून 21 घ्यायचे, दहातून तीनदा जरी जिंकलो तरी बरोबरीत सुटलो असतो. आपल्या टेबलवर मी हा कॉल केला असता, तेवढेच पैसे टाकले असते, चहा पिता पिता. तिथं मला पत्ते दिसेनात, युरियाची गोणी दिसून राहिली. फोल्ड केलं, पत्ते टाकून दिले. त्यानं हसत पत्ते दाखवले, दोन्ही बदामाचे, नव्वी अन् पंजी, हातात जोडीही नाही, पाचवा बदाम येईल या आशेवर बसलेला. तीनातून जवळपास दोनदा मीच जिंकलो असतो.

त्याचा राग पुढच्या डावात काढला. तिर्री-सत्ती घेऊन ब्लफ करायले गेलो, असा ब्लफ की बाजूच्या माणसालाही कळला असेल. संपलं. परतीच्या गाडीत पोहेवाला आला तर मी झोपल्याचं सोंग केलं.

टेबल मोठं झालं म्हणून पत्ते बदलत नाहीत, बाबू, तेच 52. बदलतो तू. आधीच दुसऱ्या कामाचं नाव लागलेले पैसे तू चिपा म्हणून खेळूच शकत नाही, अन् समोरचा हे तुझ्या बोटांवरून ओळखतो. टेक्सासचा अँडी बील नावाचा बँकर होता, 2001 पासून लास वेगासमधल्या पट्टीच्या खेळाडूंसोबत बसायचा अन् रक्कम इतकी वाढवत न्यायचा, शेवटी 1 लाख-2 लाख डॉलरपर्यंत, की त्यांचेच हात थरथरले पाहिजेत. ते जगातले भारी खेळाडू, तरी एकट्याच्या खिशावर बसले नाही, सगळ्यांनी पैसे एकत्र करून एकेकानं खेळले. अन् तू चुकाऱ्याच्या पिशवीवर बसणार.

ॲपचं म्हणशील तर 2025 च्या कायद्यानं पैशाचा ऑनलाइन खेळच बंद झाला, आता कोणी टेलिग्रामवर बाहेरच्या साइटची लिंक पाठवत असेल तर उघडू नको, तिथं पैसे अडकले तर तू कोणाच्या दारात जाशील?

वर खेळायचंच नाही असं मी म्हणत नाही. खाली 30 हजार होऊ दे, त्यातला एकच बाय-इन घेऊन जा, बाकीचे गावातच राहू दे, एटीएम कार्डासकट. गेला तर उठायचं, त्याच रात्री परत भरायचं नाही, खाली येऊन पुन्हा जमवायचं. मित्रानं उधार देतो म्हटलं तर बाथरूमचं कारण काढून बाहेर निघ.

सोयाबीनचं बियाणं घेतलं का रे? चुकाऱ्यातून आधी ते घे, खताचंही पाहून घे, अन् दुकानाच्या पावतीचा फोटो पाठव. मग पणजीचं बोलू.

तुझा काका