शुक्राखालचा उजेड कुणाचा?

प्रश्न : काका, आमची इमारत ऐरोलीला खाडीकडे तोंड करून आहे. संध्याकाळी गच्चीवरून पश्चिमेला, मुलुंडच्या वर, शुक्र अगदी ठळक दिसतो. त्याच्या खाली क्षितिजाजवळ पांढुरका, थोडा नारिंगी उजेड असतो, तो नऊ वाजले तरी जात नाही. राशिचक्रीय प्रकाशाबद्दल वाचलं होतं, तो हाच का? नसेल तर बघायला कुठे जाऊ?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, तुम्हाला दिसतो तो उजेड मुलुंड-भांडुपच्या दिव्यांचा. ओळखायची खूण तुमच्या पत्रातच आहे: नऊ वाजले तरी तो जागचा हलत नाही. राशिचक्रीय प्रकाश म्हणजे सूर्याभोवती पसरलेल्या धुळीवरून विखुरलेलं ऊन, तो ताऱ्यांबरोबर मावळतो. पूर्ण अंधार झाल्यावर तास-दीड तासात तो खाली उतरत विरून जातो. शिवाय शहराचा उजेड क्षितिजालगत आडवा पसरतो, हा उभा असतो. तळाशी रुंद, वर निमुळता, आणि डोळ्यांना रंग असा काही जाणवतच नाही.

हा उभ्या-आडव्याचा फरक लोकांनी फार पूर्वी हेरलेला आहे. पहाटेच्या नमाजाची वेळ धरताना मुस्लिम परंपरेत सुबह-ए-काजिब आणि सुबह-ए-सादिक, म्हणजे खोटी आणि खरी पहाट, असा भेद करतात. खोटी उभी चढते, खरी आडवी पसरते. ती खोटी पहाट म्हणजे पहाटे पूर्वेला दिसणारा हाच प्रकाश.

ग्रह सूर्याभोवती ज्या पातळीत फिरतात, साधारण त्याच पातळीत बारीक धूळ पसरलेली आहे. काही धूमकेतूंनी मागे सोडलेली, काही लघुग्रहांच्या टकरींतून उडालेली. तिच्यावरचं ऊन विखुरतं, ते आपल्याला दिसतं. हे कण उन्हाच्याच परिणामाने हळूहळू वेग गमावतात आणि सूर्याकडे सरकत जातात. तरीही प्रकाश दिसतो आहे, म्हणजे नव्या धुळीची भर सतत पडत असली पाहिजे. खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६८३ मध्ये या प्रकाशाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. आपल्या काळातलं एक नाव मला आवर्जून सांगायचंय: ‘क्वीन’ बँडचा गिटारवादक ब्रायन मे. १९७०च्या सुमारास त्याने या धुळीच्या गतीवर संशोधन सुरू केलं, मग संगीताकडे वळला, आणि २००७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून याच विषयात पीएचडी पुरी केली. इतक्या वर्षांनी परत येऊन अर्धं राहिलेलं काम तडीला नेणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आता जायचं कुठे ते. अंधारं आकाश हवं म्हटलं की आपण ठाणे-नवी मुंबईकर मुरबाड, माळशेज, नाहीतर कर्जतची वाट धरतो. तारे बघायला त्या जागा उत्तम. पण संध्याकाळी हा प्रकाश पश्चिमेला असतो, आणि तिथून पश्चिमेला म्हणजे कल्याण, ठाणे, मुंबई अशी सगळी वस्ती ओळीने आली. डोक्यावर आकाशगंगा दिसत असते आणि पश्चिमेचा पट्टा मात्र पिवळट धुरकट राहतो. तेव्हा डोक्यावर किती काळोख आहे यापेक्षा तुमच्या पश्चिमेला काय आहे ते आधी बघा. माझं सांगणं, दक्षिणेला किनाऱ्यावर जा: दिवेआगर, हरिहरेश्वर किंवा रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. तिथे पश्चिमेला नुसता समुद्र.

वेळासला फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते बघायला आपल्याकडचे बरेच जण जातात. पिल्लं उजेडाकडे वळतात म्हणून किनाऱ्यावर दिवे टाळतात, आणि त्याचा फायदा आपल्यालाही होतो. संध्याकाळची पिल्लं पाण्यात गेली की मंडळी जेवायला गावात परततात. मी मोबाइल बंद करून वाळूतच बसून राहतो. सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने संधिप्रकाश पुरता संपतो. पाण्यावर दूर बोटींचे दोन-चार दिवे असतात, क्षितिजालगतचा थोडा भाग दमट हवेने खाल्लेला असतो. सुरुवातीला काही कळत नाही. डावीकडून उजवीकडे सावकाश मान फिरवली की लक्षात येतं, पश्चिमेचा तुकडा दोन्ही बाजूंच्या आकाशापेक्षा उजळ आहे. मग नजर वर न्यावी. तो उजेड मेषेतून थेट कृत्तिकांपर्यंत चढलेला असतो, आणि तळाशी आकाशगंगेहूनही ठळक!

हेच दोन महिने का? आपल्या १९ अंश अक्षांशावर मार्चच्या संध्याकाळी ग्रहांचा मार्ग पश्चिम क्षितिजावर जवळजवळ काटकोनात उभा असतो. सप्टेंबरच्या संध्याकाळी तो निम्मा कललेला असतो, त्यामुळे प्रकाश क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत बुडतो. चंद्र तर नकोच. महाशिवरात्र अमावास्येच्या तोंडावर येते, तीही बरोबर याच मोसमात. तिच्या आधीचा आठवडा आणि अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस राखून ठेवा.

तुमचा शुक्र मात्र इथे थोडा आड येतो. ग्रह आणि धूळ एकाच पातळीत असल्यामुळे तो नेमका याच पट्ट्यात चमकतो आणि डोळे दिपवतो. हात लांब करून अंगठ्याने त्याला झाका किंवा सुरूच्या खोडाआड घ्या. दुसरा एखादा ग्रहही जवळपास असेल तर दोघांना जोडणारी रेघ मनात ओढा. प्रकाशाचा मधला भाग त्याच रेघेवर सापडेल.

माळशेजलाच जायचं असेल तर पहाटे जा. तेव्हा प्रकाश पूर्वेला असतो आणि मुंबई तुमच्या पाठीशी. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत पहाटे चंद्र मावळलेला असतो. पावसाने उघडीप दिली, तर सव्वाचार ते सव्वापाच ही वेळ साधा.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. संध्याकाळचा तेजस्वी ग्रह शुक्र की गुरू, हे मोबाइलमध्ये न बघता कसं ओळखायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पूर्वेला किंवा रात्री उशिरा डोक्यावर असेल तर तो शुक्र नव्हे. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जातच नाही, म्हणून सूर्यास्तानंतर तो पश्चिमेकडेच सापडतो. तुमच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे, त्यामुळे तो तुमच्याकडे जरा लवकरच दिसेनासा होईल. दोघंही पश्चिमेला असतील तर जास्त तेजस्वी तो शुक्र. १ मार्च २०२३च्या संध्याकाळी दोघं जेमतेम अर्ध्या अंशावर आले होते, तेव्हाही हा फरक सहज कळत होता. तरी शंका वाटली तर साधी द्विनेत्री घ्या आणि कोपरं गच्चीच्या कठड्यावर टेकवून हात स्थिर करा. गुरू असेल तर शेजारी एका रेषेत त्याचे दोन, तीन, कधी चारही चंद्र दिसतील. शुक्राला चंद्र नाही.